शिपायासाठी काढलेला हेल

आमच्या फिल्ममधला शिपाई शेवटी मरायचा आणि त्याच्यामागे एक बाई हेल काढून रडायची. सांगलीच्या कॉलेजात असताना मी आणि माझ्या एका दोस्ताने हा उपद्व्याप मांडला होता. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. लष्कराने विकायला काढलेल्या सामानातून त्याच्या वडिलांनी कॅमेरा आणि पोलादी तारेवर आवाज धरणारं एक यंत्र आणलं होतं. कॅमेरा त्याचा, शिपाईही तोच. आवाजाचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी जात्याच उतावळा, आणि हे काम मुकाट बसून कान देण्याचं.

रडायला बाई कुठली? आम्हीच बायकी आवाज काढून पाहिला, तर हसून मुरकुंडी वळली. मग मला माझी चुलती आठवली. आमच्या गावात कुणी गेलं की त्याचे गुण आठवत हेल काढावा तो तिनंच. गावात वीज नव्हती, म्हणून तिला आणि चुलत्यांना जवळच साताऱ्यात एका नातलगाकडे आणलं; दोस्तही बरोबर आला होता. खिडक्यांवर वाकळा टांगल्या, तरी रस्त्यावरचा टांगा तारेवर यायचाच. मी चिडून येरझाऱ्या घालत होतो.

"रड की काकी," मी म्हणालो.

"कुनासाठी?"

"फिल्ममधल्या शिपायासाठी."

"त्यो तर भाईर चा पितोय. जित्या मानसाच्या नावानं हेल काढत्यात व्हय रं? आपलं कुनी गेल्यालं असंल तरच त्यो निघतो."

माझा पार पारा चढला. एवढा खटाटोप करून आणलं आणि आता ही नाही म्हणते! पण ती नाही म्हणालीच नव्हती. तिनं चुलत्यांना बाहेर सोप्यात बसायला सांगितलं. त्यानंतर तिनं जो हेल काढला, त्यानं माझ्या येरझाऱ्या थांबल्या. ती एका पोरीसाठी रडत होती. तिचं नाव घेत होती. आमच्या घरात मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

मागून तिनंच सांगितलं. पहिल्या लढाईत चुलते तिकडे इराकात, बसऱ्याला असताना तिची तान्ही लेक गेली. सासू म्हणाली, ल्योक लढाईवर हाय, घरात हेल नको. म्हणून ती रडली नाही. चुलते परत आल्यावर कुणी तो विषयच काढला नाही, त्यांनीही नाही.

सांगलीत परतल्यावर दोस्ताने तार नीट ऐकली आणि कपाळाला हात लावला. "शिपाई मेलाय गड्या, आणि ही 'माझे बाय' काय म्हणते? पोरीचं सगळं काप."

मी कापायला बसलो. केसासारखी तार, कात्रीने तोडायची, पुढचं टोक आणून गाठ मारायची. गाठ डोळ्याला दिसत नाही, कानाला मात्र बोचते. पोरीचं नाव कापलं तिथं चुलतीचा श्वास मध्येच तुटला, कुणी तोंडावर हात दाबावा तसा. मी ते पुनःपुन्हा ऐकलं आणि मला तिच्या सासूचा तो हुकूम ऐकू यायला लागला. मी कात्री फेकली, तोडलेला तुकडा पुन्हा जागी जोडला आणि दोस्ताला म्हणालो, "एवढं राहील, नाहीतर तुझं यंत्र तू सांभाळ." आमचं कडाक्याचं भांडण झालं. यंत्र दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं, म्हणून त्याने नमतं घेतलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ झाला. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. चुलती-चुलते मुद्दाम आले होते. पडद्यावर शिपायाची टोपी दिसली आणि तारेवरून चुलती आपल्या बायला हाका मारू लागली. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. "शिपाई बाई निघाला रे!" त्यांना गप्प करायला उठावं, तर मला यंत्र सोडता येईना.

तेवढ्यात पुरुषांतून चुलते उठून उभे राहिले.

"हसू नगासा," ते म्हणाले. "ती माजी ल्येक हाय. म्या तिला बगितली बी न्हाई."

चुलते रांगेतून बाहेर पडले आणि हेल चालू असतानाच बायकांच्या बाजूला जाऊन चुलतीशेजारी बसले.