एका कडेनं खाल्लेला टायर

त्रैलोक्यात टायरइतकं खरं कुणी बोलत नाही, असं माझे मामेसासरे मानतात. आणि टायरची भाषा मामांइतकी कुणाला कळत नाही, असं नाशिकपासून लासलगावपर्यंतचा अख्खा रस्ता मानतो. या रस्त्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. ट्रेलर येऊन थांबला की मामा ड्रायव्हरचा नमस्कारसुद्धा न घेता उकिडवे बसतात, डोळे मिटतात आणि टायरवर तळहात फिरवतात. मधोमध झिजला असेल तर "हवा लय कोंबली." दोन्ही कडा गेल्या असतील तर "उपाशी पळवला, हवाच नाय." जागोजाग खळगे पडले असतील तर "बेअरिंग ढिलं हाय." लग्नातही त्यांचं लक्ष आधी मांडवाबाहेरच्या चपलांकडे. मला बघायला आले तेव्हा माझी चप्पल उलटी करून म्हणाले, "पोरगं डाव्या टाचेवर जोर देतं. हट्टी हाय, पण पळून जायचं नाय." आमचं लग्न त्या टाचेवर ठरलं.

अशा माणसाचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, आणि तिथंच घात झाला. कांद्याच्या एका व्यापाऱ्यानं ट्रेलरचा नुसता टायर काढून दुकानात आणला. आतली कड पार खाल्लेली. मामांनी हात फिरवला आणि सांगून मोकळे झाले, "वळणावर फरफटवलाय. ड्रायव्हर घाईचा हाय." व्यापाऱ्यानं त्याच दिवशी ड्रायव्हरला घरी पाठवलं. तो सुरगाण्याकडचा. दोन महिन्यांनी ट्रेलर आला तो नवा ड्रायव्हर, नवा टायर आणि खाल्लेली तीच कड घेऊन. मामा खाली शिरले, सुतळी ताणून माप घेतलं, तर चाकं जोडणारा ॲक्सलच वाकलेला! टायर खरंच बोलला होता, मामांनी अर्धंच ऐकलं होतं.

व्यापाऱ्याला चूक सांगून मामांनी भर कांद्याच्या लिलावाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि मला घेऊन जीपनं सुरगाणा गाठलं. ड्रायव्हर भाताच्या खाचरातून हात पुसत आला, आम्हाला घरी घेऊन गेला. मामांनी हात जोडले. "चूक माझी. मालक परत बोलवतोय तुला."

"काम काय मामा, कुठंबी मिळंल," तो म्हणाला. "पण मी घरात लाख सांगितलं, घाई केली नाय. तर ही म्हणं, मामांनी हात लावून सांगितलं म्हंजे खरंच असंल."

मामा चुलीपाशी त्याच्या बायकोसमोर गेले. "पोरी, तुझा नवरा खरा व्हता. मी चुकलो."

तिनं चहा गाळला आणि पाहुण्यांना सोडून पहिला कप नवऱ्याच्या हातात दिला. मामा इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

परतताना मात्र ते "माझं लगेच खरं मानू नका रे," एवढंच म्हणाले. पण लोक मानतातच. म्हणून हल्ली मामा सत्तरीत प्रत्येक ट्रेलरखाली शिरतात. गुडघे ऐकत नाहीत, बाहेर ओढायला दोघं लागतात, आणि त्या दोघांतला एक मी असावा असं मला मनापासून वाटतं.