काकांचा उजवा हात

माझे काका इस्त्रीवाले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली: लांब टेबल, त्यावर जुनी घोंगडी, भिंतीला हँगर. इस्त्री किती तापली हे बघायला लोक पाणी शिंपडतात. काकांना तो पोरखेळ वाटे. ते उजव्या हाताची मागची बाजू इस्त्रीजवळ नेत आणि सांगत, "रेशमाला चालेल," किंवा "अजून थांब." याची त्यांना जरा जास्तच घमेंड होती, पण रेशीम त्यांनी कधी जाळलं नाही हेही खरं.

त्याच हातावर फिकट डाग उठला. दवाखान्यात जायला काकांना सवड नव्हती आणि काकूला गरज वाटत नव्हती. तिच्याकडे निंबोळीचं तेल होतं. गल्लीतल्या प्रत्येकाच्या खरजेवर, पुटकुळ्यांवर तिने ते चोळलं होतं. बरेच जण बरेही झाले होते, तिथेच घात झाला. रोज दुकान बंद झालं की ती काकांचा हात मांडीवर घेऊन बसे. वासाने आम्ही पोरं पळ काढायचो.

एकदा इस्त्रीची कड डागाला लागून टरारून फोड आला आणि काकांना पत्ताही नाही. "चटकाच बसला नाही," ते कौतुकाने म्हणाले.

काकू फुलून गेली. "पूर्वी नुसतं बोट भाजलं तरी घर डोक्यावर घ्यायचात. बघा, तेलानं कातडी कशी घट्ट झाली." इस्त्रीवाल्याच्या घरात न भाजणारा हात! दोघंही वेड्यासारखे खूश होते. मला आजही त्या आनंदाचा राग येतो.

पुढे काका कुरकुरू लागले की इस्त्री तापतच नाही. दुरुस्तीवाल्याशी भांडूनही झालं. मग एक दिवस हात जवळ नेऊन, "कोमटच आहे," म्हणत त्यांनी ती एका नवरीच्या रेशमी पोशाखावर टेकवली. रेशीम करपून गेलं. तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून डागावर कापूस फिरवला. काका वाट बघत राहिले. "लावा ना," ते म्हणाले.

"लावून झाला," बाई म्हणाल्या. "हा नुसता कातडीचा आजार नाही, आतल्या नसा गेल्यात. गोळ्यांनी रोग थांबेल, पण बोटं आता पहिल्यासारखी होणार नाहीत. फार उशीर केलात."

"माझ्या तेलानं झालं का हो?" काकूने विचारलं.

"तेलानं काहीच झालं नाही."

दुकान गेलं. जिन्याखाली आता कोणी छत्र्या दुरुस्त करतो. काकूचं तेल मात्र चालूच आहे, कातडी फुटू नये म्हणून, असं ती म्हणते. परवा मी गेले तेव्हा काका डोळे मिटून पडले होते, हात तिच्या मांडीजवळ. "आज बोटांना जरा कळतंय तुझं चोळणं," ते म्हणाले.

काकूने अजून बाटलीचं बूचही काढलं नव्हतं. तिने बूच काढलं, तळहातावर तेल घेतलं आणि चोळायला लागली.