वळसंगची पहिली पेंडी

कोल्हापूरहून सोलापूरला जायचे म्हणजे तीन मापांच्या रुळांवरून जावे लागते. मिरजेला एक गाडी सोडायची, कुर्डुवाडीला दुसरी, आणि तिसरीत बसेपर्यंत माणूस आपली ट्रंक इतक्या वेळा उचलतो की तिच्यात एवढे का भरले याचा त्याला पश्चात्ताप होतो. माझ्या ट्रंकेत दोन धोतरे, एक कोट, शास्त्र (बायबल) आणि वर्षभराचे वेळापत्रक होते. हे वेळापत्रक मी स्वतः आखले होते आणि मला त्याचा अभिमान होता. सोलापूरच्या मिशनने एका वर्षासाठी तिथल्या ख्रिस्ती तरुण मंडळांवर देखरेख करायला मला बोलावले होते. मंडळे दोनच होती, एक शहरात गिरणीच्या वस्तीत आणि दुसरे अक्कलकोटच्या रस्त्यावर वळसंगला. मी शाळामास्तर, वय तीस. या वयात माणसाचा वेळापत्रकावर फार विश्वास असतो.

कुर्डुवाडीला ट्रंकेची कडी तुटली आणि माझे वर्ष फलाटभर उडाले. एका हमालाने धावत जाऊन वेळापत्रकावर पाय ठेवला म्हणून ते सापडले. आश्विन आणि कार्तिक या दोन रकान्यांवर त्याच्या अनवाणी पायाचा मातकट ठसा उमटला. मी रुमालाने पुसून पाहिला, पण तो गेला नाही.

सोलापूर आधी दिसते ते धुराड्यांनी. स्टेशनाबाहेर टांगेवाला दखनीत भाव सांगत होता, त्याच्या पलीकडे दोन विणकर बायका तेलुगूत भांडत होत्या, आणि मला उतरवून घ्यायला आलेले पाळकसाहेब शुद्ध पुणेरी मराठीत हवेची तक्रार करीत होते. जेवायला कडक भाकरी (पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगांची चटणी आली. आम्ही भातखाऊ माणसे. पहिल्या घासाला माझी दाढ दुखावली आणि दुसऱ्या आठवड्यात मला त्या भाकरीची चटक लागली.

शहरातल्या मंडळाचे आणि माझे लगेच जमले. ती मुले गिरणीच्या भोंग्यावर उठत, भोंग्यावर जेवत आणि भोंग्यावर झोपत. त्यांना रविवारी चार वाजता या म्हटले की ती चारला पाच कमी असताना हजर असत. माझ्या वेळापत्रकाला यापेक्षा चांगला दाखला नको होता.

वळसंगला मी पाळकसाहेबांच्या सायकलीवरून गेलो. कुंभारीपर्यंत रस्ता बरा होता. कुंभारीच्या पुढे बाभळीचा काटा चाकात गेला आणि उरलेली वाट मी सायकलीला चालवत नेले. आषाढ होता, पण पाऊस बेताचाच. दोन्ही बाजूंना काळी राने नांगरून नुसती पडलेली होती. आमच्याकडे या दिवसांत चिखल तुडवत भाताची लावणी चालते. इथले लोक आळशी असावेत असे मला वाटले, आणि तसे मी त्या आठवड्याच्या पत्रात घरी लिहिलेही. ते पत्र आईने जपून ठेवले आहे, त्यामुळे नाकारता येत नाही.

वळसंगच्या वेशीजवळ एक उंच, खांदे रुंद असलेला तरुण उभा होता. “सलाम, मास्तर,” म्हणून त्याने सायकल माझ्या हातातून घेतली. हा याकोब. वळसंगचे मंडळ तोच चालवी. बापाच्या माघारी तो आणि त्याची आई सगुणाबाई दुसऱ्यांच्या रानात राबत. मंडळातल्या एकाच्याही नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. पण मिशनने भाड्याने घेतलेली पत्र्याची एक खोली होती, आणि खोलीत एक जुनी बाजाची पेटी. पेटी वाजवणारा गावात एकटा याकोब. त्याची बोटे कुदळीने राठ झालेली, आणि ती पट्ट्यांवर इतकी हलकी चालत की मी दोनदा वाकून पाहिले.

त्या पावसाळ्यात खोली भरलेली असे. पत्र्यावर सर आली की वचन ऐकू येत नसे, मग याकोब पेटी ओढी आणि सर थांबेपर्यंत सगळे गात. हजेरीपटावर सतरा नावे आणि सतरा खुणा. पाळकसाहेबांना मी लिहिले की वळसंगचे मंडळ जिल्ह्यात पहिले येईल.

भाद्रपद सरता सरता मी गेलो तो खोलीला कुलूप. पुढच्या रविवारी कुलूप. त्याच्या पुढच्या रविवारी दारात सगुणाबाई भेटली. सगळी पेरणीला गेली आहेत, लांबलांबच्या रानांत, असे तिने सांगितले. मी मान डोलावली आणि मनात म्हटले, पेरणी जेठात होते, आश्विनात कुणी पेरते का? हजेरीपटावर मी सतरा शून्ये काढली. प्रत्येक शून्य नीट गोल काढले, हे मला आज विशेष टोचते.

कार्तिकात माझ्या वेळापत्रकात कापणीचा सण होता. ख्रिस्ती मंडळ्यांत हा दिवस मोठा. नव्या पिकातले पहिले कणीस, पहिले फळ, पहिली शेंग जो तो देवापुढे आणून ठेवतो. आमच्या गावी त्या दिवशी वेदीपुढे भाताच्या लोंब्यांचा ढीग पडतो. वळसंगच्या मुलांना मी महिनाभर आधी चिठ्ठी पाठवली की प्रत्येकाने पहिले पीक घेऊन यावे. त्या रविवारी पाचजण आले. चौघांचे हात रिकामे होते. याकोबाने धोतराच्या सोग्यातून मूठभर ज्वारी काढली आणि माझ्या पुढ्यात कागदावर ठेवली. पेरताना पाभरीच्या चाड्यात (बी सोडायच्या लाकडी वाटीत) उरलेले बी होते ते.

“रान आत्ता कुटं पेरलंय, मास्तर,” तो म्हणाला. “कणसाला लई येळ हाय.”

मी सणाची प्रार्थना उरकली. सबबी मी शाळेत बारा वर्षे ऐकत आलो होतो. मूठभर दाणे तेवढे कागदात बांधून घेतले आणि सोलापूरला आल्यावर ते दारातल्या चिमण्यांना टाकले. त्याच आठवड्यात मी अहवाल लिहिला: वळसंगच्या तरुणांचा उत्साह पावसाबरोबर ओसरला आहे, खोलीचे भाडे व्यर्थ जाते, खोली सोडावी आणि पेटी शहरातल्या मंडळाला द्यावी. पाळकसाहेबांनी लगेच मान्य केले. माझ्या अक्षराची त्यांनी तारीफही केली.

पेटी आणायला मी बैलगाडी घेऊन गेलो. याकोबाने पेटी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, गाडीत कडब्यावर ठेवली आणि दोन्ही बाजूंनी कडबा ठोसून ती हलणार नाही असे पाहिले. मग म्हणाला, “भाता सांभाळून दाबायला सांगा तिकडं. डाव्या अंगानं हवा जाती.” गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत तो मागून चालत आला. मला वाटले, वाटेत तरी भांडेल. तो भांडला नाही आणि मला बरे वाटले.

संक्रांतीला सोलापुरात गड्डा (तिथली मोठी जत्रा) भरला. शहरातली मुले चार वाजता यायची ती एकही आली नाही, आणि मला राग आला नाही हे पाहून मीच चकित झालो. जत्रा आहे, येतील, असे मी म्हटले. वळसंगला मात्र मी तेवढी सवलत दिली नव्हती.

जत्रेच्या पुढच्या आठवड्यात कामासाठी कुंभारीला गेलो. रस्त्याकडेच्या रानातून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कानडीत हाक मारली, “ऊटा आतेन्री?” (जेवण झालं का?) उत्तराची वाट न पाहता त्याने मला गोवऱ्यांच्या आगटीपाशी बसवले आणि हुरडा (कोवळ्या ज्वारीची भाजलेली कणसे, हातावर चोळून काढलेले दाणे) पुढे केला. वर शेंगांची चटणी आणि दही. मी पोटभर खाल्ले. खाता खाता वर पाहिले तर डोक्याइतकी उंच ज्वारी उभी, कणसे अजून हिरवी, दाण्यात दूध. मी विचारले, ही कापणार केव्हा? म्हाताऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. महिनाभरानं, तो मराठीत म्हणाला, आणि कापत नाहीत, मुळासकट उपटतात. इथे मृगाच्या पावसावर भरवसा नाही, रान परतीच्या पावसावर भिजते, तेव्हा आश्विनात पेरायचे आणि माघ-फाल्गुनात काढायचे. हे त्याने लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. मी कार्तिकात कणसे मागितली होती.

माघ संपताना सोलापूरच्या बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर याकोबाचा निरोप आला: रविवारी नको, मंगळवारी या, रानात.

मी उजाडता निघालो. वळसंगच्या अलीकडेच एका मोठ्या रानात काढणी चालली होती. दव असेपर्यंत ताटे (ज्वारीची उभी धाटे) उपटायची, कारण ऊन चढले की पाती हात कापतात. गडी रांगेने ज्वारी उपटत पुढे सरकत होते आणि मागून बाया पेंड्या (ताटांच्या जुड्या) बांधत होत्या. मी बांधावर उभा राहून सवयीने मोजू लागलो. माझ्या हजेरीपटावरची सतराही नावे तिथे होती. शिवाय पाच-सहा चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते.

ऊन चढल्यावर सगळे लिंबाखाली आले. भाकरी सोडण्याआधी याकोब उभा राहिला आणि त्याने प्रार्थना केली. मग एका मुलीने शास्त्रातला उतारा तोंडपाठ म्हटला. वाचता येणारे तिघेच, म्हणून ते तिघे बाकीच्यांकडून पाठ करून घेत. मग भजन झाले. पेटी नव्हती. याकोब रिकाम्या घमेल्यावर बोटांनी ठेका धरीत होता. नवे चेहरे शेजारच्या गावांचे निघाले. काढणीच्या टोळीत आले आणि मंडळात बसले. पेरणीपासून असेच चालले होते. ज्या रानात काम त्या रानात मंडळ, वार कोणताही असो. फक्त खोलीत, रविवारी, चार वाजता ते नव्हते.

भाकरी झाल्यावर याकोबाने मला झाडाच्या पलीकडे नेले. तिथे एक पेंडी वेगळी ठेवली होती, कणसे टपोरी, मोत्यासारखी पांढरी. काढणीची मजुरी पेंड्यांत मिळते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपल्या मजुरीतली मूठ-मूठ ताटे काढून ही बांधली होती.

“तुमचा सण,” तो म्हणाला.

मला लाज वाटली. ती लपवायला मी मास्तरासारखा बोललो. हे सगळे चालले होते तर मला कळवायचे नाही का, असे मी त्याला विचारले.

“कळिवलं की,” याकोब म्हणाला. “मूठभर बी दिलं हुतं तुमाला. कार्तिकात आमच्याकडं देवाला द्यायला दुसरं काय असतंय?”

ते बी मी चिमण्यांना टाकले होते, हे मी त्याला तिथेच सांगितले. त्याच्यासमोर हात जोडले आणि चूक माझी, असे म्हटले. त्याने पेंडीचा सैल बंध आवळला. मग म्हणाला, “चिमण्यांनी खाल्लं न्हवं? मग वाया न्हाय गेलं.” मला वाटते त्याने मला त्याच वेळी माफ केले. मला स्वतःला अजून तेवढे जमलेले नाही.

पेंडी घेऊन सोलापूरला आल्यावर मी पाळकसाहेबांकडे दुसरा अहवाल लिहून दिला आणि पहिला खोटा आहे असे म्हटले. ते सज्जन होते, पण अडचणीतही होते. खोली घरमालकाने केव्हाच कडबा भरायला दुसऱ्याला दिली होती, आणि वर्षाच्या मधेच नवी खोली धरायची सोय नव्हती. पेटी तेवढी परत न्यायला त्यांनी होकार दिला. शहरातल्या मुलांनी ती विनातक्रार काढून दिली, भाता मात्र डाव्या अंगाला आणखी फाटला होता.

चैत्रात मी पेटी घेऊन वळसंगला गेलो. सगुणाबाईने जुन्या लुगड्याचा पदर फाडून दिला, याकोबाने खळ लावून भाता चिकटवला आणि दोन सूर दाबून पाहिले. खोलीचे मी सांगितले तेव्हा त्याचे हात पेटीवरच थांबले. रानाच्या दिवसांत त्यांना खोली लागत नव्हती, ती लागायची पावसाळ्यात, आणि पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. पावसाळ्यात कुठे बसणार, मी विचारले.

“आईच्या खोपटात बसू,” तो म्हणाला. “सतरा मावत्यात का बघू. न्हाय मावले तर आळीपाळीनं.”

जेठाच्या सुरुवातीला माझे वर्ष भरले. तोपर्यंत ट्रंकेला मी दोरी बांधली होती. आत दोन धोतरे, एक कोट, शास्त्र, आणि वेळापत्रकाच्या कागदात गुंडाळलेली ती पेंडी. कणसे आत राहतील एवढीच ताटे मी ठेवली होती. कुर्डुवाडीला आणि मिरजेला ट्रंक मी हमालाला दिली नाही.

घरी आईने ती कणसे उंदरांपासून वाचवण्यासाठी आढ्याला टांगली. पाऊस झाला, लावणी झाली, भात पिकला. वळसंगचे एक पत्र आले. तिघा वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहिले होते की खोपटात बाराच मावतात, म्हणून पाचजण दारात पोते पांघरून बसतात, आणि पेटी बरी आहे.

कार्तिकात आमच्या ख्रिस्ती देवळात कापणीचा सण झाला. वेदीपुढे ओल्या लोंब्यांचा ढीग पडला होता. मी आढ्यावरची जुडी काढून नेली आणि त्या ढिगावर ठेवली. धुराने ती पिवळी पडली होती, काही दाणे गळलेही होते. शेजारी उभे असलेले आमच्या मंडळीचे वृद्ध पंच वाकून पाहू लागले आणि हळूच म्हणाले की मास्तर, ही ज्वारी जुनी दिसते, पहिले पीक वेळेवर आणायचे असते.

“त्यांनी वेळेवरच आणलं होतं,” मी म्हणालो. “उशीर मला झाला.”