ट्रेडमिलची पूजा

ट्रेडमिल जोडायला विद्यानगरच्या आमच्या घरी आलेला माणूस प्रत्येक स्क्रू आवळून त्यावर अंगठा फिरवत होता. जोडणी झाल्यावर बायको पट्ट्यावर उभी राहून मशीनला हळदकुंकू लावू लागली. मी उत्साहाने बटण दाबलं. पट्टा सरकला आणि ती मागे कोसळली. त्या माणसाने तिला वरच्या वर झेललं.

"कुणी चालू केलं?" ती सावरत म्हणाली.

मी बटणावरचं बोट मागे घेतलं.

"माफ करो अम्मा, मेरा हाथ लग्या," तो म्हणाला. ती त्याला वाटेल ते बोलली. त्याने हत्यारं आवरली.

जिन्यात मी त्याला गाठलं. हात जोडले.

"मैं तो चले जातूं, चाचा," तो म्हणाला. "आपकू इसीच घर में रहना है."

बायको अजून त्याला धांदरट म्हणते. बटण मी दाबलं होतं. हे लिहिलेलं आज तिला वाचून दाखवणार आहे.