मंगळावरचा चहा

त्या वर्षी अख्खं मुलुंड मंगळावर गेलं होतं. निदान आमच्या आळीतले पुरुष तरी. एक शास्त्रीय कादंबरी आली होती, तिला मोठं बक्षीस मिळालं होतं आणि वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावे लागत होते. घराघरांत अजून शेगडीत कोळसे फुंकत होते, पण संध्याकाळी ओट्यावर बसून सगळे अग्निबाणावर तावातावाने बोलायचे. त्यात आमचे बाबा पुढे. ऑफिसातून आले की कोट खुंटीला लावायच्या आधी कादंबरीचं कौतुक सुरू.

मी नुकतीच एस.एस.सी. झाले होते. गणितात आणि शास्त्रात वर्गात पहिली. मला माटुंग्याला सायन्सला जायचं होतं. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. कॉलेजचे प्रवेश सुरू झाले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. आईकडे रडून झालं, दादाकडे रुसून झालं. देवावरचा विश्वास उडत चालला होता तरी देवालाही सांगून झालं.

अशात एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आणि तो शास्त्रज्ञ आपल्या मुलीलाही बरोबर नेतो बरं का! याला म्हणतात दृष्टी."

माझा घास हातातच राहिला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर अख्खं जहाज दिसलं. ज्या माणसाला मुलगी मंगळावर गेलेली चालते, त्याला ती माटुंग्याला गेलेली का चालू नये? मी ठरवलं, कादंबरी वाचायची, त्यातलं नेमकं वाक्य शोधायचं आणि बाबांसमोर ठेवायचं. वकील पुरावा ठेवतात तसं.

आमचा नंबर लागला. आधी बाबांनी वाचली, मग दादाने, आणि परत द्यायच्या आदल्या दिवशी ती माझ्या हाती आली. दुपारी मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. अग्निबाणाचं वर्णन संपता संपेना. खिळा न् खिळा सांगितला होता. ती मुलगी आली ती तिच्या केसांच्या वर्णनासकट. यान उडालं तेव्हा ती बेशुद्ध पडली. ठीक आहे, म्हटलं, पहिलीच वेळ आहे बिचारीची. मंगळावर उतरल्यावर पुरुष माती तपासायला बाहेर गेले आणि ती यानात थांबली. ते दमून परत आले तेव्हा तिने, लेखकाच्या शब्दांत नाही सांगत, माझ्या सांगते, चहा केला. मंगळावर. नंतर तिचा काही उल्लेखच नाही. एकदम शेवटच्या पानावर तिच्या वडिलांनी तिचा हात तरुण शास्त्रज्ञाच्या हातात दिला.

मला वाटलं, घाईत माझी पानं सुटली असतील. मागे गेले, पुन्हा वाचलं. कुठेतरी तिने दुर्बिणीला डोळा लावला असेल, एखादी बेरीज तरी केली असेल. नव्हती केली. अख्ख्या पुस्तकात मला उपयोगी पडेल असं एक वाक्य नव्हतं. मी पुस्तक आपटलं आणि हमसून हमसून रडले.

आई पिठाचा हात घेऊन धावत आली. "काय झालं गं? कोण मेलं पुस्तकात?"

"कोणी नाही. ती तिथे जाऊनही चहाच करते."

आईला खरोखर कळेना. "मग? चहा कोणी करायचा?"

रात्री बाबांनी विचारलं, कशी वाटली? मी उत्तर न देता प्रवेशाचं विचारलं. ते म्हणाले, "रविवारी घाटकोपरहून मंडळी येतायत. मुलगा बी.एस्सी. आहे, कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तुला शास्त्राची आवड ना? मग झालं तर!"

रविवारी मी नऊवारीत ट्रे धरून उभी. मुलगा दिसायला बरा होता, हसरा होता. त्याने विचारलं, "वाचनाची आवड आहे? ती मंगळावरची कादंबरी वाचलीत का तुम्ही?"

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, जाऊ दे, हे स्थळ मोडलं तर बरंच. "वाचली," मी म्हणाले, "पण मंगळावर जाऊनही त्या मुलीला चहाच करायचा होता, तर एवढं लांब कशाला न्यायचं तिला? इथे मुलुंडलाही करता आला असता की."

बाबांचा चेहरा पडला. सुटले, मला वाटलं. आणि तो मुलगा खो खो हसायला लागला. मग त्याची आई हसली, मग बाबा सुटका झाल्यासारखे हसले. "बोलकी आहे हो मुलगी," त्याची आई म्हणाली आणि कप उचलला. दुसऱ्या दिवशी होकार आला.

मी दादाकरवी त्या मुलाला निरोप धाडला, मला शिकायचंय. दादा परत आला तो खूश. "चांगला माणूस आहे गं. म्हणाला, लग्नानंतर बघू."

लग्न झालं. घाटकोपरच्या घरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले. आमच्यात नवरा अंगठीने त्या तांदळांत बायकोचं नवं नाव लिहितो. बायका वाकून बघत होत्या. अक्षरं माझ्या बाजूने उलटी होती, तरी पहिल्या अक्षरालाच मी ओळखलं. कादंबरीतल्या त्या मुलीचं नाव होतं ते.

"आवडलं?" नवऱ्याने हळूच विचारलं. चेहरा असा फुलला होता, जणू मला हवी ती वस्तू त्याने शोधून आणली होती. मी त्याच्याशी एकच गोष्ट बोलले होते आणि ती त्याने लक्षात ठेवली होती. त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. मी मान हलवली. सगळ्यांच्या हातावर साखर पडली.

संध्याकाळी मी आतल्या खोलीत एकटी बसले होते. सासूबाई कुणाला तरी हाका मारत होत्या, मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा कळलं, मलाच बोलावतायत. मी उठून बाहेर गेले. पाहुणे आले होते, चहा टाकायचा होता.