पहिलं धिरडं तव्याचं

धर्मापुरीत ईश्वरप्पांचं किराणा दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचा संसार. माणूस तोंडाचा फटकळ. ‘गूळ ताजा हाय का’ असं कुणी विचारलं, तर ‘न्हाई, तुमच्यासाठी मुद्दाम शिळा ठिवलाय’ म्हणणारा. अशा माणसाला उलट बोलायची हिंमत साऱ्या गावात एकट्या गंगासागरबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची होती. त्या गेल्या साली ज्येष्ठात गेल्या. तेव्हापासून ईश्वरप्पांना कुणी उलटून बोलत नाही, आणि त्यांच्या फटकळपणातही काही राम उरला नाही.

जेवणाचा डबा खानावळीतून यायचा. स्वयंपाकघरात ते चहापुरते जायचे, आणि सकाळी एकदा तव्यापुरते.

तवा बिडाचा, ओतीव लोखंडाचा होता, परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेतून दोघांनी मिळून आणलेला. त्याआधीचा तवा ईश्वरप्पांनीच फोडला होता. बाई माहेरी गेल्या असताना यांनी आपल्या हाताने काहीतरी भाजलं आणि तापलेल्या तव्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला. बीडच ते, मधोमध तडकलं. बाई परत आल्यावर बरेच दिवस बोलल्या नव्हत्या. नव्या तव्याला त्यांनी नवऱ्याचा हात लागू दिला नाही. त्यांच्या धिरड्यांनी तो काळाभोर, गुळगुळीत झाला होता. त्याला साबण नाही, घासणी नाही. कोमट पाण्याचं फडकं, मग जराशी आच, मग तेलाचं बोट. बाई गेल्या त्या सकाळीही तो तसाच तेल लावून खिळ्याला टांगलेला होता.

ईश्वरप्पांनी तो तिथून हलवूच दिला नाही. दुःखाच्या दिवसांत नात्यातल्या बायकांनी शेजारून तवा मागून आणला, पण याला हात लावायची सोय नव्हती. शेवटचं तेल तिच्या बोटाचं आहे, ते पुसलं जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ओल्या विभूतीची तीन बोटं ते स्वतःच्या कपाळावर ओढायचे आणि तशीच तीन तव्यावर. कुणी बघितलं असतं तर म्हातारा खुळावला म्हणालं असतं. बघायला घरात कुणी नव्हतं.

लेक वर्षाराणी सोलापूरला दिलेली. आईचं सगळं उरकून निघताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "आता इथं यायचं कावून, अप्पा?" दुकानात बसल्या बसल्या तो प्रश्न त्यांना डाचत राहिला. लेकीला यावंसं वाटेल असं या घरात काहीतरी उरायला हवं होतं. गेल्या साली नागपंचमी दुःखातच गेली. या वर्षी त्यांनी आपणहून फोन केला, "पंचमीला ये. आईसारखी धिरडी करून घालतो." लेक हसली, पण येते म्हणाली. पंचमीच्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, उकडलेलंच खायचं; म्हणून धिरडी आदल्या दिवशीच व्हायला हवी होती. लेकही त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं येणार होती.

त्या सकाळी ईश्वरप्पांनी दुकान उघडलंच नाही. तवा खिळ्यावरून काढला आणि उजेडात नेला. विभूती पुसल्यावर खाली तीन तांबडे पट्टे निघाले, बोटांच्या मापाचे. रोजच्या ओल्या बोटांनी गंज धरला होता. बाकीच्या तव्यावर तेल सुकून चिकट झालं होतं आणि त्यात धूळ बसली होती. जे जपायचं म्हणून कुणाला हात लावू दिला नाही, ते त्यांच्याच हाताने गेलं होतं. रोज दोन धिरडी घातली असती तर तवा जसाच्या तसा राहिला असता. तो वापरूनच टिकतो हे बाई कितीदा बडबडल्या होत्या, आणि यांनी ते बडबड म्हणूनच ऐकलं होतं.

चिंच आणि विटेचा तुकडा घेऊन ते न्हाणीत बसले. तांबड्याबरोबर काळंही निघत होतं, आणि ते काळं तिचं होतं. घासणं जिवावर येत होतं, पण लेक यायची होती. शेवटी तवा करडा, अनोळखी झाला. मग त्यांनी बाईंची बडबड आठवून आठवून काम धरलं. आचेवर कोरडा केला, तेल चोळलं, धूर येऊ दिला, निवू दिला, परत चोळलं. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला. पाणी ओतायचं नाही, हे तर त्यांना जन्माचं कळलेलं होतं.

ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवलं होतं, त्यात लसूण-मिरची वाटून घातली. पहिलं धिरडं तव्यावर पडलं आणि फोन वाजला.

"अप्पा, सासूबाई पडल्या. पाय मोडलाय त्यांचा. न्हाई जमत आता यायला."

"बरं," ईश्वरप्पा म्हणाले. "त्यांना बघ आधी." इतकं एकटं त्यांना बाईंना माती दिली त्या दिवशीही वाटलं नव्हतं; तेव्हा निदान घरात माणसं होती.

पलीकडून लेकीनं विचारलं, "काय चुरचुरतंय? आईचा तवा चढवलाय का तुमी?"

"व्हय."

"पयलं निघालं का?"

त्यांनी उलथनं घातलं. धिरडं तव्याला धरून बसलं होतं, निघालं ते चिंध्या होऊन. "फाटलं."

"फाटायचंच. आई म्हणायची, पयलं तव्याचं."

"म्हणायची की. पण तव्याला देयाचं कसं असतं? आजवर ऐकत आलो, कधी इचारलं न्हाई."

"देयाचं नसतं, अप्पा. ती बाजूला ठिवायची, आन् तुमचं जेवण झालं की तेच खायची. उभ्या उभ्याच." मग लेक म्हणाली, "तवा आता टांगून ठिवू नका. रोज काढत जा. मी दसऱ्याला येते."

फोन ठेवून ते परत तव्यापाशी आले. दुसरं धिरडं कडेनं सुटलं. तिसरं अख्खं निघालं, चांगलं जाळीदार. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या ताटात फाटकं धिरडं कधी आलं नव्हतं, आणि बाईंच्या हाताचं कधी फाटतच नाही, असं ते खुशाल समजून चालले होते.

अख्खी धिरडी त्यांनी ताटात काढली, शेजारी चटणी वाढली आणि ताट तिच्या जागेवर ठेवायला गेले. जेवायला ती कुठं बसायची, हे त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी ते आपल्याच पाटासमोर ठेवलं, आणि ओट्याशी उभं राहून फाटक्या धिरड्याचे गार तुकडे एकेक करून खाल्ले.