सड्यावरची धावपट्टी

लिहायला बसलो खरा, पण आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि विमानतळावर लिहायचं तर माणूस निदान एकदा विमानात बसलेला तरी असावा! मी बसलेलो नाही. मीरा रोडला, पूनम सागरमधल्या आमच्या खिडकीवरून विमान गेलं की काच बारीक थरथरते, शेजारची मुलं हात हलवतात. मला मात्र कोकणातलं आमचं घर आठवतं. जिल्ह्याच्या लहानशा शहराचा विमानतळ त्या घराच्या मागच्या दगडी गडग्यापलीकडेच आहे.

त्या विमानतळाचा इतिहास मला बाबांच्या तोंडून ठाऊक. आधी तिथे नुसता सडा होता, काळ्या कातळाचं उघडं माळरान, पावसाळ्यात इवल्या जांभळ्या फुलांनी भरून जाणारं. मग त्यावर डांबराची पट्टी आली. पहिलं विमान उतरायच्या सकाळी वाडीने नारळ ठेवून राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, की बाबा रे, नवा पाहुणा येतोय, सांभाळून घे. काही काळ छोटं विमान येत राहिलं, मग यायचं थांबलं. पट्टीवर गुरं बसू लागली, बायका भात वाळत घालू लागल्या, बाबा तिथेच सायकल शिकले. आकाशासाठी केलेली वाट जमिनीवरच्या माणसांनी किती सहज आपलीशी करून टाकली! पुढे कुंपण आलं. आणि यंदा, मोठी विमानं उतरावीत म्हणून, धावपट्टी लांबवण्यासाठी मोजणी सुरू झाली.

मोजणीवाल्यांनी आमच्या अंगणात तांबडा रंग फासलेला दगड रोवला. त्या घरात आता आत्या एकटीच राहते. तिने त्या दगडावर जास्वंद वाहिल्याचं कळलं, तेव्हा बाबा फोनवर ओरडलेच, “अगं अक्का, तो देव नाय, मोजणीचा दगड आहे!”

“ठाऊक हाय मला. देवाला माझी काळजी हाय, त्याला सांगायला नको. ह्याला विनवायलाच लागतंय. तू फ्लॅटात बसून मला देव शिकवू नको.”

बाबा हसले. मला हसू आलं नाही. घर गेलं तर आत्या कुठे जाईल? आमच्या वन रूम किचनमध्ये, जिथे अंगण म्हणजे लिफ्टसमोरची फरशी? परीक्षेत दळणवळणाचे फायदे लिहून मी चांगले गुण मिळवलेत, आणि ते उत्तर खोटं नव्हतं. आजारी माणूस तासाभरात मुंबईला पोचणं कुणाला नको आहे? तरी वर्गावरून विमान गेलं की माझा हात लिहिता लिहिता थांबतो. एखाद्या घराची भीती वाटणं वेगळं, आणि त्या घरासाठी भीती वाटणं वेगळं. दुसऱ्या भीतीला दार लावून घेता येत नाही.

काल संध्याकाळी आत्याचा फोन आला, बाबांनी स्पीकरवर लावला. “आपलं घर सुटलं रे. मोजणीची रेघ खालच्या अंगाने वळवली.”

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. मीच विचारलं, “मग खालची घरं?”



“सगळी जाणार. अख्खी वाडी उठणार. आता घरात साप-जनावर शिरलं, तर मी हाक कुणाला मारू?”